मोहा कोणाचा?

माय, तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे चंद्रपूरला आली होतीस, तो दिवस आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. दवाखान्यातून थेट माझ्या ऑफिसात आलीस, चप्पल दाराशी काढलीस नि माझ्याजवळ स्टुलावर बसलीस. मी कम्प्युटरवर आपल्याच गावाजवळून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा नकाशा काढतेय. मोठ्या तोऱ्यात तुला दाखवते, हे बघ, झाड एकदाच काढून ठेवायचं, त्याला ब्लॉक म्हणतात, मग क्लिक केलं की पाहिजे तिथं झाड!

"सारे झाडं एकसारखेच काऊन वो? आपला मोहा कुठी आहे?"

शोधला. नेमका रस्त्याच्या मधोमध. तुझं तोंड एवढंसं झालं. "तो गेला तं मी काय वेचू वो बाई?"

मोजणीवाल्यांना झाड दिसलं, त्यांनी झाड लिहिलं. आपल्याकडे शेत एकाचं नि त्यातला मोहा दुसऱ्याचा असतो, मोहावर कोणी कुऱ्हाड घालत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मग मी मोहाचा ब्लॉकच वेगळा केला. छोटासा प्रोग्राम लिहिला, मोहा ठेवला की कम्प्युटर विचारणार, "कोणाचा?" तू मुक्कामाला राहिलीस नि सांगत गेलीस. "हा पाटलाच्या वावरातला, पन वेचते मावशी. हा आपला. नीट लिही, आपला!" मी टाइप करत गेले. रस्त्याच्या रेघेवर माणसांची नावंच नावं झाली.

साहेब भडकले. "नकाशा आहे का रेशनकार्ड?" पण बघत मात्र बराच वेळ राहिले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "घे, वाकवला तुझ्या माईचा रस्ता." बाई गं, किती रडले मी त्या दिवशी! त्यानंतर काही वर्षं तू त्याच्याखाली फुलं वेचलीस.

आता एसटी तिथं कचकन वळते. ड्रायव्हर कुरकुरतो, "कोण्या येड्यानं काढला हा रस्ता!" मला हसू येतं. भाऊ म्हणतो, मोहा आता तुझा, वेचाले ये. येते म्हणते मी. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते माय. तू गेल्यापासून मी त्या वळणावर एकदाही उतरले नाही. फुलांचा सडा पडलेला असतो नि वाकलेली तू नसतेस. बस वळली की मी पलीकडच्या खिडकीतून बघते.