चिंचेनं उजळलेल्या चकत्या

मंठ्याजवळ, आमच्याच अंगणात, गाडीच्या सावलीला
वसुबारस

तीर्थस्वरूप दाजी अण्णासाहेब यांच्या चरणी धाकटा मेव्हणा बिभीषण याचा, हाताचं डिझेल पुसून, दंडवत.

तुमचा रक्तदाब, दोन्ही म्हशी आणि भावकीतला बांधाचा वाद हे तिन्ही आपापल्या जागी टिकून असतील, अशी आशा आहे. आमच्याकडे तात्या बरे आहेत. डोळ्यांतला मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागतं. (परवा त्यांनी शेजारच्या कचरूला त्याची बायको समजून माहेरची ख्यालीखुशाली विचारली. कचरूनंही इमानदारीत सांगितली.) फोन करायचं सोडून कागद का खरडतोय, तर तुमचा फोन आक्का उचलते, आणि तिच्याशी खोटं बोलायला गेलो की मला उचकी लागते. हे तिला मी चड्डीत होतो तेव्हापासून माहीत आहे. आमच्या आळीतला माऊली तुमच्या भोकरदनला मेंढे बघायला निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो. आक्का देवापुढं बसली की वाचा.

आता मुद्दा. तो तुमच्याच ओसरीत निघाला होता. गेल्या दिवाळीला आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एस.टी.ची पायरी चढायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय ती माहेरी यायची नाही. जावयाच्या गाडीतून लेक आणली तर तात्यांच्या लेखी तो सणच नव्हे. तेव्हा ती तिकडं राहिली आणि हे इकडं. तात्यांनी पाडव्याच्या दिवशी ताटातली करंजी नुसती फिरवत ठेवली. खरं सांगतो दाजी, मला ते बघवलं नाही. म्हणून उन्हाळ्यात तुमच्या चार भावांसमोर मी बोलून गेलो की यंदा मुराळी स्वतःच्या गाडीनं येईल. तुम्ही मिशीत हसलात. ते हसू मी विसरलेलो नाही, आणि त्याच हसण्यापायी परतूरच्या एका व्यापाऱ्याची जुनी डिझेल गाडी माझ्या गळ्यात पडली.

गाडी चांगली आहे हो. फक्त चालताना फुस् फुस् करायची आणि आत बसणाऱ्याच्या अंगाला आठ दिवस डिझेलचा वास राहायचा. मंठ्याच्या सिराजोद्दीन मिस्त्रीला दाखवली. (हा माणूस हातानं इंजिन खोलतो आणि तोंडानं सगळा तालुका.) त्यानं बॉनेटला कान लावला आणि सांगितलं की इंजेक्टर थकलेत आणि त्यांचे सील गेलेत. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलची पिचकारी मारणारा भाग, असे चार असतात. प्रत्येकाच्या बुडाशी तांब्याची एक चकती असते, बोटातल्या वेढ्याएवढी, तेच सील. इंजिनातली गरम हवा ती वर येऊ देत नाही. ही चकती एकदा दाबून बसली की तिचा जन्म संपला, पुन्हा वापरायची नसते. एवढं एक वाक्य त्यानं मला तीनदा सांगितलं. ते घरात सांगायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

मिस्त्री आमच्या अंगणात लिंबाखाली कामाला बसला. दोन इंजेक्टर सुखासुखी निघाले, चौथाही निघाला, तिसरा मात्र काजळीनं असा धरून ठेवलेला की काही केल्या हलेना. अख्खी आळी जमली. कचरू म्हणाला, ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू. साहेबराव (एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, पण अजून घरातही उजवीकडं वळताना हात दाखवतात) म्हणाले, अशा वेळी गाडीला घाबरवावं लागतं. शेवटी तात्यांनी खाटेवरून हुकूम सोडला की करडईचं तेल सोडा. चकल्यांसाठी आणलेल्या तेलातलं अर्धं तेल इंजिननं पिलं आणि दुसऱ्या दिवशी तिसरा इंजेक्टर निघाला. तात्या दिवसभर कुणाशी साधं बोलले नाहीत, इतके खूश होते. चकल्या अर्ध्यावर आल्या म्हणून आमच्या प्रांजलीची आईही कुणाशी बोलली नाही, पण ते वेगळं.

मिस्त्रीनं नवे इंजेक्टर ओट्यावर मांडले. शेजारी कागदावर चार नव्या चकत्या, आणि लांब दुसऱ्या कागदावर चार जुन्या, काळ्याठिक्कर. मग आम्ही जेवायला बसलो. आणि दाजी, घरात दिवाळीची घासाघीस चालू होती. हंडा, कळशी, तांब्या, ताम्हन, झाडून सगळं तांबं चिंच-मीठ लावून ओळीनं उन्हात. प्रांजलीच्या आईला ओट्यावर तांब्याच्या आठ चकत्या दिसल्या, त्यातल्या चार काळ्या. सणाच्या तोंडावर घरात काळं तांबं तिला बघवत नाही. तिनं आठही घासल्या, धुतल्या, पुसल्या आणि ताम्हनात घालून ठेवल्या. आम्ही हात धुऊन आलो तर ताम्हनात आठ सूर्य.

तिला मी काय बोलणार? तिनं काम चोखच केलं होतं. मिस्त्रीनं एकेक चकती उचलून उन्हात धरली, बोटानं चाचपली, एक तर दातांत धरून पाहिली. "ये नवी. ये बी नवीच," असं म्हणत म्हणत आठातल्या सात नव्या निघाल्या. मी म्हटलं, मिस्त्री, आणल्या तर चारच होत्या. तो म्हणाला, "भाऊ, आता वैनीनं इतकं घासलं म्हन्ल्यावर जुनी कोन राह्यली?" मलाही ते पटलं. घाई झाली होती, आणि डोळ्यांपुढं तुमची मिशी होती. मीच डोळे मिटून चार उचलल्या, त्यानं बसवल्या.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. नारळ फुटला, साहेबरावांनी विनाकारण शिट्टी मारली. फाट्यापर्यंत लोण्यासारखी गेली. फाट्यावर फुस्. मग फुस् फुस्. मग गाडीत एवढा धूर झाला की मी खिडकीतून मान काढून गाडी परत आणली आणि वाटेत भेटलेल्या तिघांनी मला ओळखलं नाही. आता इंजेक्टर पुन्हा उपसायचे, तर तिसरा परत अडून बसलाय, घरात तेल उरलेलं नाही, आणि जालन्याचा दुकानदार म्हणतो, नव्या चकत्या भाऊबीज झाल्यावरच. तात्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी आक्काचं नाव घेऊन विचारतात, "आसरा कधी येऊन राह्यली?" आणि मी म्हणतो, गाडी तयारच आहे. आणि उचकी देतो.

असो. बाकी सगळं क्षेम. आक्काला गुडघा जपायला सांगा, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
बिभीषण

ता. क. तुमची गाडी सणात दारात उभीच असते, म्हणून सुचलं. नरक चतुर्दशीला आक्काला घेऊन आमच्या फाट्यापर्यंत या. मी तिथं नवा सदरा घालून उभा असेन. फाट्यापासून घरापर्यंत गाडी मी चालवतो, तुम्ही मागं बसा. म्हणजे मुराळी मीच, आणि लेक भावानंच आणली. तुमच्या भावांसमोर तुम्ही मला आयुष्यभर हसा, मी चहा पाजत बसेन, पण तात्यांच्या दारात एवढं राखा.

ता. क. २. एक अडचण आहे. तात्यांना गाडीचा रंग दिसणार नाही, पण कान शाबूत आहेत आणि आमच्या गाडीचा आवाज त्यांच्या पक्का ओळखीचा आहे. तुमची गाडी अगदीच गुपचूप चालते. तेव्हा आळीत शिरलो की तुम्ही मागच्या सीटवरून तोंडानं फुस् फुस् करायचं. तीनदा गप, चौथ्यांदा फुस्. मोठ्या जावयाला हे सांगणं शोभत नाही, कळतंय. माऊलीला करून दाखवलंय, तो तुम्हाला शिकवेल.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता उघडलं. हे पत्र मी माऊलीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खाटेवर तात्या जागे होते. म्हणाले, "दाजीला लिव्ह, तोंडानं काही करू नका म्हनावं. गाडी कुनाचीबी राहू दे. माझी आसरा उंबऱ्यात आली की मला पावलावरून कळतं." मग कूस बदलता बदलता म्हणाले, "गुडघा दुखत असंल, हळू आन तिला." तेव्हा दाजी, हळू या.

तरीपण सराव चालू ठेवा. साहेबरावांना आवाज ऐकायचाच आहे.