पुलाच्या मध्यापर्यंतचा परवाना

२५ ऑगस्ट २०१९, रविवार

आज पुन्हा बुटकीला डब्यात कोंडून आल्डोकडे जेवायला गेले. बुटकी म्हणजे माझं पाच गोळ्यांचं पिस्तूल. दर रविवारी तोच सोहळा! पिशवीतून तिला काढायचं, गोळ्या वेगळ्या करायच्या, बटणांच्या डब्यात निजवायचं, डबा शिवणयंत्राच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली घड्याळामागे. मग हलकी पिशवी खांद्याला लावून पुलावर चालायला लागायचं. पुलाच्या बरोबर मधे पाटी आहे – अलीकडे पेनसिल्व्हेनिया, पलीकडे न्यू जर्सी. माझा पिस्तुलाचा परवाना त्या पाटीपाशी मरतो. पाटीच्या अलीकडे मी शेरीफच्या सहीची कायदेशीर बाई. एक पाऊल पुढे टाकलं की गुन्हेगार. बाई तीच, पिशवी तीच!

तिकडचे लोक कुठल्याच परराज्याचा परवाना मानत नाहीत, त्यामुळे मी एकटीने रुसण्यात अर्थ नाही. तिथे तर पेट्रोलसुद्धा स्वतःच्या हाताने भरू देत नाहीत, पिस्तुलाचं काय घेऊन बसलीस व्हर्ना.

आल्डोने टोमॅटोचा रस्सा सकाळी सहापासून चुलीवर ठेवला होता. "खा हो, खा! पेनसिल्व्हेनियात उपाशी ठेवतात वाटतं तुम्हाला?" अडुसष्ट वर्षांचा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झाली, पण वाढताना डोळे असे लुकलुकतात की – जाऊ दे. मी काही सोळाची नाही. पासष्ट पूर्ण.

तीनदा वाढून घेतलं मात्र.

२७ ऑगस्ट, मंगळवार

शेजारची आर्लीन पडद्यांचं माप द्यायला आली आणि पडदे सोडून बाकी सगळं बोलली. तिच्या फ्रिजवर पन्नास राज्यांचा नकाशा आहे. आपला परवाना चालतो ती राज्यं हिरवी, चालत नाही ती लाल. थंडीत फ्लोरिडाला बहिणीकडे जाते तेव्हा मेरीलँड टाळायला भलामोठा वळसा घेते! म्हटलं, पिस्तूल कुलपात ठेवून सरळ जा ना. "आणि वाटेत कोणी भेटलं तर कुलूप फेकून मारू?"

मग माझ्याकडे वळली. "पन्नास राज्यांत तुला लालच सापडलं का गं? हिरव्यात पुरुष नव्हते?"

हसले. पण बाण लागला. मला पिस्तूल घ्यायला लावलं तेही हिनेच. अकरा वर्षांपूर्वी माझं शिवणाचं दुकान बंद करताना एका माणसाने कापडाच्या टेबलावर सुरा ठेवला आणि गल्ला उघडायला लावला. पुढे तीन महिने मला सुईत दोरा ओवता येईना. माझा नवरा लमार तर त्याच्या आदल्याच वर्षी गेलेला. आर्लीन मला धरून शेरीफच्या कचेरीत घेऊन गेली. बुटकी पिशवीत आली त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. तेव्हापासून तिच्याशिवाय मी टपालपेटीपर्यंतही जात नाही. फक्त रविवारचे चार तास, आल्डोसाठी.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आल्डोचा फोन. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, अंगणात सॉसेज भाजणार. "एक विचारायचंय पण." काय विचारायचंय ते फोनवर सांगेना! निळा झगा इस्त्री करून ठेवला.

२ सप्टेंबर, सोमवार

आजचं सगळं आधी लिहूनच काढते.

निळा झगा घातला, पिशवी उचलली, पूल ओलांडला, आल्डोच्या अंगणात बसले. समोर त्याचा भाचा व्हिन्स – तिथल्याच पोलिसांत आहे. चारला कामावर जायचं म्हणून गणवेशातच, कॉलरमधे रुमाल खोचून सॉसेज हाणत होता. भाजलेल्या मिरच्यांचा धूर डोळ्यांत गेला. रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला बुटकी लागली!

सोहळा रविवारचा, आणि आज सोमवार! रोजच्या सवयीने सकाळी तिला भरली, पिशवीत टाकली, आणि खुशाल पाटी ओलांडून आले. न्यू जर्सीत, पोलिसाच्या समोर, भरलेलं पिस्तूल! बोलले तर व्हिन्सला मला पकडावं लागणार, नाहीतर त्याची नोकरी जाणार. नाही बोलले तर परत त्याच रस्त्याने, त्याच पुलावरून जायचं. पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

"सॉसेज आवडलं नाही का?" आल्डो.

"आवडलं."

"मग कणीस घ्या."

"पोट भरलं."

"अहो, अजून धड बसलाही नाहीत! आणि ती पिशवी काय पोटाशी धरलीय? कोण पळवतंय? पोलीस बसलाय ना इथे!"

व्हिन्स हसला. मीही हसले, पण माझं हसू मलाच ओळखू येईना.

आल्डोने कोरा शर्ट घातला होता. घसा साफ केला, खिशाकडे हात नेला. "व्हर्ना, मी काय म्हणत होतो –"

"मला घरी जायचंय!" मी ओरडलेच.

त्याचा हात खिशावरच राहिला. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात व्हिन्स उठला, कॉलरचा रुमाल काढला. "चला, मी सोडतो पुलापलीकडे. आणा ती पिशवी इकडे." नको नको म्हणेपर्यंत घेतली, आणि लावली खांद्याला!

पूलभर तो हवापाण्यावर बोलत होता. मी काय उत्तरं दिली, देवाला ठाऊक. पाटी आली, पाटी गेली. आमच्या बाजूच्या शेवटच्या खांबापाशी त्याने पिशवी माझ्या हातात दिली.

"जड आहे हो मामी," म्हणाला. "पुढच्या वेळी सोमवारीसुद्धा रविवारसारखं वागा."

आणि गेला शीळ घालत!

त्याने माझा हात पिशवीत गेलेला पाहिला होता, चेहराही पाहिला होता. आणि माझा रविवारचा सोहळा आल्डोने त्याला कधीच सांगितला असणार. गणवेशातल्या पोलिसाच्या खांद्यावरची पिशवी कोण उघडतंय? माझ्यासाठी केवढी जोखीम घेतली त्या पोराने. खांबाला टेकून मनसोक्त रडले, मग मनसोक्त हसले. मामी म्हणाला!

३ सप्टेंबर, मंगळवार

आल्डोचा फोन नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आजही नाही. मी नाहीच म्हणाले असं वाटलं असणार त्याला. शेवटी मीच केला. उद्या पाटीपाशी भेटू या, म्हटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

मी पाटीच्या अलीकडे, तो पलीकडे. गुरुवार म्हणजे बुटकी पिशवीत, म्हणून मी एक बोटभर पुढे सरकायला तयार नाही! सगळं सांगितलं. तो इतका हसला की कठडा धरावा लागला. "म्हणजे माझ्या सॉसेजला नावं ठेवत नव्हता तुम्ही?"

मग हसू आवरून म्हणाला, "माझ्याकडे एका परवान्याची माहिती आहे. पन्नास राज्यांत चालतो. मेरीलँडमधे चालतो, पुलाच्या दोन्ही टोकांना चालतो, मधे पाटीवर उभं राहिलं तरी चालतो."

"कसला?"

"लग्नाचा."

अंगठी शर्टाच्या त्याच खिशात होती! मला पलीकडे जाता येईना, म्हणून तोच पाटी ओलांडून आला. पुलावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

आणि मी, मूर्ख बाई, हो म्हणू शकले नाही. खरं तेच सांगितलं – रविवारचे चार तास निभतात, पण रोज तिकडे, तिच्याशिवाय राहणं मला जमायचं नाही. तिथे अर्ज करायची सोय आहे म्हणे, पण व्हिन्स सांगतो, आपल्यासारख्यांना तो परवाना कधी मिळतच नाही. आल्डोने अंगठी परत खिशात ठेवली. "मग मी येतो इकडे. त्यात काय!"

८ सप्टेंबर, रविवार

आल्डो आज इकडे आला होता. मी आत कॉफी करत होते, खिडकीतून पाहिलं. माझ्या मागच्या अंगणात तो टाचेने माती उकरून बघत होता. तिथे सगळा खडक, त्यावर लमारने लावलेल्या ओकची सावली. तिथे टोमॅटो काय, गवतही रडत उगवतं. आत आला आणि म्हणाला, "छान आहे, प्रशस्त आहे." चाळीस वर्षं जपलेली बाग आणि बापाने लावलेलं अंजिराचं झाड सोडून हा माणूस माझ्या खडकावर येणार, आणि वर छान म्हणणार.

फार आवडतो हा मला. लिहून टाकते एकदाचं.

११ सप्टेंबर, बुधवार

आर्लीन म्हणते, "येऊ दे की त्याला! तू हिरव्यात, तो हिरव्यात." सोपं आहे तिला. तिने ती टाच पाहिली नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

बुटकीला निजवलं, जेवून आले. आल्डो म्हणाला, टोमॅटो बाजारातही चांगले मिळतात. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं त्याला. अंगठी अजून त्याच्या खिशात.

१८ सप्टेंबर, बुधवार

श्वास घ्यायला फुरसत नाही! शनिवारच्या एका लग्नाच्या करवल्यांचे सहा झगे, आणि सहाही जणी महिन्याभरात जाड झालेल्या. सोमवारी दोऱ्यासाठी बाजार, काल बँक, आज टपालकचेरी, मधे दोनदा नवरीकडे पायपीट. बडबड करणारी गोड मुलगी आहे. टाचण्या तोंडात धरून हसले, एक टोचलीच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आल्डो अंजिराच्या झाडावरून शिडीसकट पडला! व्हिन्सचा फोन. झगे आर्लीनच्या गळ्यात घातले – टिपा तिलाही मारता येतात. निघाले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

घोटा मोडला, डोकं शाबूत. प्लास्टर बांधून घरी आणलं. पलंगावरून हुकूम सोडतोय – रश्शात तुळस आत्ता नको, नंतर! उजवीकडून ढवळा! मी म्हटलं, गप्प पड, नाहीतर दुसराही घोटा मोडीन. गप्प पडला. खूश दिसला. काल रात्री इथेच सोफ्यावर झोपले, आज सकाळी आठपर्यंत जाग नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

टोमॅटोला पाणी घातलं. अंजिरं उतरवली, शेजाऱ्यांना वाटली. व्हिन्स येऊन दोन ताटं जेवून गेला.

२२ सप्टेंबर, रविवार

आल्डोच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचायला चष्मा शोधत होते आणि तोंडचं पाणीच पळालं – मी आले तो गुरुवार होता! पिशवी टेबलावर उपडी केली. चष्मा, टेप, टाचण्या, पेपरमिंट. बुटकी नाही! वाटेत पडली? पुलावर? आर्लीनला फोन केला, किल्ली घड्याळामागे आहे, बघ. ती जाऊन बघून आली. "अगं, इथेच आहे, बटणांच्या डब्यात. गोळ्या वेगळ्या. तू रविवारी ठेवलीस तशीच."

गेल्या रविवारी! म्हणजे सोमवारी बाजारात नव्हती. बँकेत नव्हती, टपालात नव्हती, नवरीकडे नव्हती. सबंध आठवडा – आणि मला आठवणही झाली नाही.

टेबलावरचं सगळं पिशवीत परत भरलं. मग आत हाक मारली, "आल्डो, ए आल्डो! तो पन्नास राज्यांत चालणारा परवाना – त्याची कचेरी उद्या किती वाजता उघडते रे?"