साडेचार हजार मैल, चार तास

सातारा,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९७४

प्रिय मधु,

नमस्कार. मामा-मामी मजेत. मीही मामांच्या सायकल दुकानात रुळलोय. तुझ्या अप्पांचा खोकला थांबला का?

माझं सगळं फिरलं ते मंगळवारी सकाळी, शेजारच्या हरिबांनी मनगटावरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले तेव्हा. पण आधी रविवारचं, सांगलीत तुमच्या घरचं.

तुझ्या बहिणीच्या, क्षमाच्या ठरलेल्या नवऱ्याचं लंडनहून आलेलं पत्र तूच मला दाखवलंस. का दाखवलंस? मला डिवचायला? त्यात प्रभाकररावांनी लिहिलं होतं, 'सकाळी सातला मुंबई सोडली, वाटेत कुठे न उतरता साडेअकराच्या आत लंडन.' मी तिथंच तुझ्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावला. साडेचार हजार मैल. विमान तासाला पाचशे, फार तर साडेपाचशे जाणार. आठ-नऊ तास हवेत, आणि हा गृहस्थ चारात पोचतो? कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून भागाकार विसरलो नाही मी.

अप्पांपुढं पत्र आपटून म्हणालो, "हा विमानात बसलाच नाही! मुंबईतच कुणाबरोबर तरी बिऱ्हाड थाटलं असेल." तू लंडनचा शिक्का दाखवलास, तर म्हटलं, मित्राकडून टाकून घेतलं असेल. अप्पांचा चेहरा उतरला. शनिवारी संध्याकाळी मुलाचे काका येतायत, त्यांना नकार सांगतो म्हणाले. क्षमा एवढंच बोलली, "तुमचं गणित बरोबर असेल, मानसिंग. पण ते खोटं बोलणारे वाटत नाहीत."

एकदाच तर बघितलंय तिनं त्याला. मला चार वर्षं बघतेय.

मंगळवारी हा पराक्रम हरिबांना सांगितला. दुकानाशेजारी राहतात, जुने लष्करी. पोट धरून हसले आणि मनगटावरचे काटे मागं फिरवत म्हणाले, "आरं गड्या, सूर्य आदी आपल्याकडं उगवतो, तिकडं मागनं! इटलीला उतरलो तवा आमी घड्याळं मागं घेतली हुती. लंडन तर आनि पलीकडं. साडेपाच तास मिळव तुज्या चारात."

साडेनऊ.

म्हातारा मला बनवतोय असं वाटलं. मामाच्या पोरीचं भूगोलाचं पुस्तक काढलं. तेही हरिबांच्याच बाजूचं.

मंगळवारी कळलं, आज शुक्रवार. मधले तीन दिवस काय केलं विचारू नकोस. पंक्चरी काढल्या.

हे पत्र पेटीत टाकलं तर सोमवारी तुझ्या हातात पडेल. तोवर शनिवार उलटलेला असेल. मला ते ठाऊक होतं, मधु. म्हणूनच सकाळपासून इतका निवांत लिहीत बसलो होतो. तुला कळवल्यासारखंही झालं असतं आणि लग्नही मोडलं असतं.

तिकीट लावत नाही. बाराची एसटी आहे. सातारा ते सांगली चार तास, आणि दोन्हीकडं घड्याळ एकच. चारला हा कागद तुझ्या हातात देईन, मग अप्पांपुढं उभा राहीन. ओरडू दे त्यांना. फक्त क्षमाला तेव्हा आतल्या खोलीत बसव.

कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुला अजून म्हणवत असेल तर तुझाच,
मानसिंग