माझ्या मापाची पेटी

बडा गणपती, इंदूर

आदरणीय आनंदराव दाजी,

सप्रेम जयभीम. तब्येत बरी असेलच. नसली तरी तुम्ही थोडंच सांगणार! ताईला विचारलं तर म्हणते, जेवतात, पेपर वाचतात, चिडतात. म्हणजे फर्स्टक्लास. महू काही लांब नाही, तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर पेटीचं नाव काढलं की तुम्ही फोन कापता. (पत्र फाडता येतं, पण आधी थोडं वाचावं लागतं.)

तर पेटीचंच. लकव्यानंतर तुमचा डावा हात भाता ओढेना, तेव्हा "घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो" म्हणून तुम्ही ती माझ्या गळ्यात मारलीत. चौदा एप्रिल दोन महिन्यांवर आलाय आणि आपली गायन पार्टी नुसत्या ढोलकीवर गातेय. ऐकवत नाही हो! खरं सांगतो, ती पेटी कोपऱ्यात गप्प बसलेली मला बघवेना. म्हणून ठरवलं, आपणच शिकायचं. हसू नका.

पण पेटी आपल्या मापाची हवी ना? परदेशीपुऱ्यात चिंतामण मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, कस्टमाइज करा: सोनेरी अक्षरांत नाव, बाजूनं निळी लाइट. मिस्त्रींनी चष्मा काढला. "भिया, ये तो सजावट हुई. बजाने वाले को तकलीफ़ क्या है, वो बताओ." मग तासभर ऐकवलं, की पॉलिश म्हणजे कस्टमाइज नाही, महागडं लाकूडही नाही, वाजवणाऱ्याचं जे अडतं ते सुटलं पाहिजे. माझं अडतं ते एवढंच, की मला वाजवता येत नाही. (त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता.) शेवटी म्हटलं, भाता पायानं चालवायचा करा, म्हणजे एक हात चहाला मोकळा.

झालं! पेटीखाली स्टँड, स्टँडखाली पायडल. घरी आणून बसलो तर गुडघे थेट फळीला. मी सहा फुटी, आणि स्टँड हा एवढुस्सा! पाय आखडून दाबला तर पेटी अशी रेकली की वरच्या शारदाकाकू घाबरून खाली आल्या. पिंकीनं बायको म्हणून दोन दिवस माझ्या गुडघ्यांना बाम लावला, तिसऱ्या दिवशी डबीच हातात दिली. विचारते, मिस्त्रींनी माप कोणाचं घेतलं? मी विषय बदलला आणि पेटी परत मिस्त्रींकडे नेऊन ठेवली.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
पंचशील

ता. क. दिवाळीत हरवलेल्या करड्या पँटवरून धोब्याशी भांडू नका. ती इथेच राहिली होती. मिस्त्रींनी गुडघ्यापासून खाली पायाच्या मोहरीपर्यंत टेप लावला तो तिलाच.

ता. क. २. पँट अजून त्यांच्याकडेच आहे. वाजवणारा स्वतः बसून बघत नाही तोवर काम पुरं झालं असं ते मानत नाहीत, आणि पँटही सोडत नाहीत. रविवारी अकराला या. उजवा हात तेवढा आणा. डाव्याचं काम पायाला दिलंय.