पांढऱ्या जहाजावरचं दार

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. माझा पाय ठीक आहे. प्लॅस्टर निघायला अजून थोडे दिवस आहेत, आणि शेजारच्या बाई माझं सगळं करतात. इतकं करतात की आता त्यांनी जरा कमी करावं असं वाटायला लागलंय. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? माझं एक वाक्य होईतो तुझी चार होतात, आणि मी पडल्यापासून तुझ्याकडे राहायला आलेले बाबा पलीकडच्याच खोलीत असतात. हे त्यांच्या कानावर जायला नको आहे. म्हणून उशीवर पाय टाकून, मांडीवर ताट पालथं ठेवून लिहायला बसलेय. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंना दाखव. औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला कुठलंही अक्षर लागतं.

परवा तू फोनवर रडलीस ते मला कळलं, नाक चोंदलंय म्हणालीस तरी. बाबा दिवसदिवस खोलीतून बाहेर येत नाहीत, जेवायला बोलावलं की आतूनच हो म्हणतात आणि येत नाहीत, मग तुम्हाला वाटतं की रुसले. त्यात परवा ते बंद दारासमोर नुसते उभे होते, आणि त्यांचे कपडे ओले झाले होते. डॉक्टर म्हणाले आता हे असंच वाढत जाणार. मग तुम्ही दोघांनी त्या संस्थेची चौकशी केलीत, जिथे चांगली देखरेख असते आणि दारांना कुलपं असतात, म्हणजे म्हातारी माणसं भरकटत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिथली माणसं बाबांना बघायला येणार आहेत. तुझा मला राग आलेला नाही. नोकरी, घर, त्यात माझा पाय मोडलेला, तू तरी कुठे कुठे पुरी पडशील. फक्त ती माणसं यायच्या आधी हे वाचून काढ.

तुला माहीत आहे ते एवढंच, की लग्नाआधी मी जहाजावर नर्स होते आणि बाबा मला तिथे भेटले. लहानपणी तू मैत्रिणींना ऐटीत सांगायचीस की आमच्या आईबाबांचं जहाजावर जमलं. त्या पोरींच्या डोळ्यांसमोर गालिचे नि बँड येत असणार. गालिचे कसले? फिनेलचा, डिझेलचा आणि उकळलेल्या चादरींचा वास, तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. ते नौदलाचं इस्पितळाचं जहाज होतं, सगळं पांढरं रंगवलेलं, दोन्ही बाजूंना हे एवढे लाल क्रॉस. पोटात लोखंडी खाटा, एकावर एक, जमिनीला बोल्टांनी आवळलेल्या. लाटा आल्या की खाटा हलायच्या नाहीत, आम्ही मात्र हातात बेडपॅन घेऊन नाचायचो. खरं सांगू का, आयुष्यात मी तेवढी पुन्हा कधी हसले नाही. आम्ही सगळ्या विशी-बाविशीच्या. दिवसभर उलट्या पुसायच्या आणि संध्याकाळी डेकवर ओले केस वाळवत बसायचं. मेट्रनबाईंची चाहूल लागली की सगळ्या चिडीचूप. त्यांचा आवाज असा, की इंजिनसुद्धा दबकून चालतंय असं वाटायचं.

लढाई संपली म्हणून आम्ही ट्रंका भरून बसलो होतो, तेवढ्यात हुकूम आला की परत फिरा, सुटलेले युद्धकैदी घरी आणायचे आहेत. कुठल्याशा बंदरात ते आमच्या स्वाधीन झाले. शिडीवरून त्यांना वर घेताना खलाशी म्हणत होते, माणसापेक्षा त्याच्या अंगावरचं कांबळंच जड आहे. काही जण तर वर्षानुवर्षं आत होते. त्यांना पोटभर वाढायची मनाई होती. एकदम खाल्लं तर ते मेले असते, म्हणून दिवसभर वाटी-वाटी पातळ सूप. ते ताटाकडे बघायचे, आणि आम्ही पाषाणहृदयी बायका अर्धी वाटी पुढे करायचो. त्यातला एकजण मला रोज आभार मानून वाटी परत द्यायचा, चाटूनपुसून, विसळल्यासारखी लख्ख. हाडांचा सापळा, आणि वागणं मात्र एखाद्या लग्नघरातल्या पाहुण्याचं. ते तुझे बाबा.

पहिल्याच दिवशी आम्ही चहाला गेलो आणि जाताना वॉर्डचं दार ओढून घेतलं. परत येऊन बघते तर चालता येणारे सगळे त्या दारामागे ओळीने उभे. कुणाला संडासला जायचं होतं, कुणाला पाणी हवं होतं, दोघांचे कपडे ओले झाले होते. दाराला कुलूप नव्हतं, साधी मूठ होती, फिरवली की उघडलं. पण कुणीही तिला हात लावला नव्हता. मी आपली शहाणी, हसून म्हणाले, अहो, दार उघडंच आहे की. कुणी हसलं नाही. मग मला कळलं, आणि मी चादरींच्या कोठीत जाऊन रडले. तिथे मेट्रनबाईंनी मला पकडलं. वाटलं, आता खैर नाही. त्यांनी स्वतःचा रुमाल दिला आणि म्हणाल्या, जिथे ह्यांनी मुठीला हात लावला असता तर मार पडला असता, तिथून आलीत ही माणसं.

त्याच दिवशी त्यांनी जहाजाच्या सुताराला कामाला लावलं. प्रत्येक दाराला पितळी आकडा, आणि प्रत्येक दार भिंतीला अडकवून सताड उघडं. फक्त एक दार बंद ठेवलं, वरच्या डेकवर जायचं. त्याला कडी नाही, कुलूप नाही, पण ते ज्याचं त्याने उघडायचं. नर्सने पुढे होऊन उघडायचं नाही, घाई करायची नाही, शाबासकी द्यायची नाही. आम्ही तिथे बँडेजं गुंडाळत बसायचो आणि बघतच नाही असं दाखवायचो. हळूहळू एकेकाने मूठ फिरवली. एकजण तर मग दिवसभर तेच करत बसला, उघड-मीट, उघड-मीट, आचारी वैतागला.

राहिले तुझे बाबा. रोज दुपारी दाराशी यायचे, हात वर न्यायचे आणि परत खाली. दुसऱ्या कुणी दार उघडलं तर त्याच्यामागून निसटता आलं असतं, पण ते बाजूला सरायचे. तुला माहीत आहे ना, तुझी शाळेतली गणितं सोडवतानासुद्धा ते पुस्तकामागचं उत्तर बघायचे नाहीत. त्यांच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघता बघता माझ्या बँडेजांची पार वाट लागायची.

मग एकदा मी धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन वर निघाले होते. टोपली माझ्याहून मोठी, त्यात जहाज कललं, आणि दारासमोर हे उभे. मेट्रनबाईंचा नियमबियम काही डोक्यात राहिला नाही. मी खेकसले, अहो, बघताय काय नुसते, माझे हात भरलेत, दार उघडा ना. आणि त्यांनी उघडलं. काही विचारलं नाही, थांबले नाहीत. दार पाठीने धरून ठेवलं, मी बाहेर पडले, आणि माझ्यामागून तेही आले. समोर सगळा समुद्र. ते कठड्याला धरून रडायला लागले आणि मी टोपलीसकट शेजारी उभी राहिले, कारण काय करावं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. स्वतःसाठी त्यांच्याने ती मूठ फिरत नव्हती गं. पण दुसऱ्याचे हात भरलेले दिसले की फिरत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टोपली घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी चादरी नव्हत्या, म्हणून उशा भरल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, या जहाजावर हल्ली धुणं फार निघतंय. मी लाजून लाल झाले, आणि किनारा लागेपर्यंत पोरींनी मला धोबीण म्हणून हैराण केलं.

आता आपलं घर आठव. तुला मोठेपणी स्वतःची खोली हवी होती, दार लावता येईल अशी, आणि तू त्यावरून किती तंडलीस. आपल्याकडे सगळी दारं आकड्याला. पाहुणे म्हणायचे, हे घर आहे की धर्मशाळा. एकच दार बंद असायचं, पुढचं. आणि बाहेरून आले की मी ओरडायचे, अहो, हात भरलेत, दार उघडा. तुम्ही भावंडं माझी नक्कल करायचात. पर्समध्ये किल्ली आणि दोन्ही हातांत मिळून एक दुधाची बाटली, तरी आईला म्हणे दार उघडता येत नाही. ती थट्टा मी आयुष्यभर हौसेने ऐकली. मुलांना यातलं काही सांगायचं नाही, असं बाबांनी लग्नाच्या आधीच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मुलांनी आपल्याकडे कीव करून बघावं हे त्यांना नको होतं. आज मी तो शब्द मोडतेय, कारण नाही मोडला तर त्यांना पुन्हा कुलपात जावं लागेल.

बाबा विसरायला लागलेत, हे मला ठाऊक आहे. चष्मा डोळ्यांवर असतो आणि घरभर शोधतात. त्यात तुझ्या घरची दारं आपोआप मिटणारी, एसीची. आणि तुम्ही दोघं इतकी प्रेमाची, की त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही. बाबा, तुम्ही बसा. बाबा, मी आणते. मी पडल्यापासून त्यांना कुणी एकदाही दार उघडायला सांगितलेलं नाही, भिंगरी. ते रुसलेले नाहीत. ते वाट बघताहेत.

पत्रासोबत फडक्यात बांधून आपल्या घरचे पितळी आकडे पाठवतेय, शेजारच्या बाईंनी स्क्रू काढून दिले. त्यातला काळपट पडलेला जहाजावरचा आहे. सुताराने आम्हाला लग्नात दिला, त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. तो बाबांच्या खोलीला लाव, बाकीचे संडासला आणि स्वयंपाकघराला. संस्थेच्या माणसांना काय सांगायचं ते मग तू ठरव, तू ठरवशील ते मला चालेल. पण त्याआधी एक कर. हे वाचून झालं की लगेच, आकडे लावायच्याही आधी, दोन्ही हातांत काहीतरी घे. जेवणाचं ताट घे, घड्या घातलेले कपडे घे, काही नसेल तर उशी घे. त्यांच्या बंद दाराबाहेर उभी राहा. मुठीला हात लावू नकोस. आणि माझ्यासारखं जरा खेकसूनच म्हण, बाबा, माझे हात भरलेत, दार उघडा ना. मग थांब. वेळ लागेल, पण थांब.

दार उघडलं की लगेच मला फोन कर. फोन उशाशीच आहे.

एक दुधाची बाटली दोन हातांनी धरणारी,
तुझीच
आई