पेटीतला पांढरा रंग

बाबा, आज दुपारी अमरावतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, माझ्या विद्यार्थिनीने पडद्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, सगळं बरोबर जुळून राहिलं."

माझं काम तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दूरच्या डोंगरावरची दुर्बीण रोज रात्री आकाशाचे मोठमोठे तुकडे टिपते आणि कुठला तारा किती तेजस्वी, ते आम्ही ठरवतो. हवा रोज वेगळी, आरशावर धूळ बसते. म्हणून प्रत्येक तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा, ते शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांशी. आज एका पट्ट्यातले झाडून सगळे तारे थोडे मंद आले होते. प्रोग्रामने ते हवेवर ढकललं, सगळ्यांना सारखंच उजळ केलं आणि मंदपणाचा मागमूस उरला नाही. "पण सगळेच खरंच मंदावले असतील तर?" मी विचारलं. ती हसली. "मंग तं आपल्याले कधीच नाही समजणार, मॅडम."

मला तुमची नमुन्याची पेटी दिसली. अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात तुम्ही ग्रेडर, आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे. उत्तरेच्या खिडकीखाली ती पेटी उघडता आहात, तिच्यातल्या नमुन्याच्या कापसाशेजारी शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस ठेवता आहात. पेटीतला कापूस वर्षांनी पिवळा पडला होता आणि तुमच्या डोळ्यांना पिवळं दिसेनासं झालं होतं. दोन्ही एकमेकांशी जुळत, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. पंधरा ऑगस्टसाठी तुम्ही पांढरा म्हणून आणलेला फ्रॉक कढीसारखा पिवळा होता. "कसा शुभ्र हाये, पाय," तुम्ही म्हणालात. शाळेच्या पांढऱ्या रांगेत मी एकटी पिवळी उभी राहिले आणि घरी येऊन तो फ्रॉक कपाटात तळाशी लपवला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पातूरकडचा तो म्हातारा आला. त्याचा कापूस दुधासारखा, पुढच्या गाडीतला डागाळलेला. तुम्ही दोन्हींना एकच, मधला ग्रेड दिलात. "साहेब, डोये हायेत का बटनं?" तो म्हणाला. गाडीवाले खो खो हसले. मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते. तुम्ही दोन्ही ढिगांतली एकेक मूठ माझ्यापुढे धरलीत. "सांग वं माय, काई फरक हाये का?" हो म्हटलं असतं तर उद्यापासून तुम्हाला त्या खिडकीखाली कुणी उभं केलं नसतं.

"सारखेच हायेत, बाबा."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "लेकरू कायले खोटं बोलन," एवढंच म्हणाला आणि ग्रेडची चिठ्ठी घेऊन गेला.

काही वर्षांनी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तुम्ही घरभर फिरत एकेक पांढरी वस्तू खिडकीशी नेऊन बघत होतात. मीठ, खडू, उशीचा अभ्रा. परक्या घरात शिरल्यासारखे हळूहळू चालत होतात. मग माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. आणि मान खाली घातलीत.

आज त्या पट्ट्यापुढे मी 'फेरतपासणी' असं लिहिलं. ताऱ्यांच्या बाबतीत मला एवढं जमतं. हे पत्र मात्र तुम्ही असतानाही पोस्टात टाकता आलं असतं, पत्ता पाठ होता. टाकलं नाही, आताही वहीतच राहील. पट्टी सुटली त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे हायसं वाटलं होतं.