दाराशी ठेवलेली पिशवी

१२ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,

सप्रेम नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? कितीही ऐट केली तरी जिना चढू देऊ नकोस. मी बरी आहे. शाळांच्या गणवेशांची घाई संपली, मशीनला तेल घातलं, आता मलाही जरा घालायला हवं.

दोन वर्षांनी माझं पत्र बघून चपापली असशील. बातमीच तशी आहे. हॉस्पिटलने ऐकलं गं! गेलेल्या माणसाचे कपडे, चष्मा यापुढे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून देणार नाहीत. कापडी पिशवी, तिच्यावर नाव, आणि देताना एक नर्स शेजारी बसणार, घाई न करता. पहिल्या चाळीस पिशव्या मीच शिवल्या.

काल पहिली दिली. एक ट्रकवाला होता, दारात मावणार नाही एवढा. आई गेलेली. सिस्टरने दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली. त्याने ती तान्हं मूल घ्यावं तशी घेतली आणि नावावरून बोट फिरवत राहिला. फरशी पुसणारी बाईसुद्धा हातातलं टाकून उभी राहिली. मी शिवलेल्या हातभर कापडात एवढं काय होतं? मला अजून उमगत नाही.

आणि तिथेच मला माझी लाज वाटली.

हॉस्पिटलच्या दर बैठकीत मी सांगायचे, "हे गेले तेव्हा यांची पिशवी काळी होती, म्हणून माझ्या वहिनीने कचरा समजून टाकली." सगळे हळहळायचे. मोठे डॉक्टरसुद्धा त्यावरच विरघळले. पण वहिनी, ती दाराशी, कचऱ्याच्या डब्याजवळ मीच ठेवली होती. यांच्या शर्टाची बाही वर डोकावत होती, मला बघवेना. ती आत कोंबून मीच गाठ मारली. माझ्या सोबतीला येऊन राहिलेली तू रोजच्यासारखा कचरा खाली नेलास, एवढंच. मग मी चारचौघांत तुझ्यावर ओरडले आणि तू म्हणालीस, "चुकलं माझं."

तशी दुहेरी गाठ घरात फक्त मी मारते. तू ओळखली होतीस ना? तरी गाठीबद्दल एक शब्द काढला नाहीस. कुठून आणलंस गं एवढं मन? ट्रकवाल्यापुढे उमगलं नाही, तसंच आज तुझ्यापुढेही उमगत नाही.

सोमवारी नव्या नर्सेसना ही गोष्ट सांगायची आहे. या वेळी खरी सांगणार. येशील? नाही आलीस तरी खरीच सांगेन.

दोन वर्षं तुझ्याआड लपलेली,
तुझी वन्सं